दिवसाला वीस ग्रॅम

सकाळची पाळी बदलायच्या आधी वजनं घ्यायची, असा या कक्षाचा नेम. मराठवाड्यातलं एक जिल्हा रुग्णालय, त्यातला आजारी नवजात बालकांचा कक्ष. पाटीवर नाव ‘एसएनसीयू’, पण बाहेर व्हरांड्यात चटया टाकून बसलेल्या नातेवाइकांच्या तोंडी ‘काचेची पेटी’. ‘आमचं लेकरू काचंत ठिवलंय,’ असं जो तो सांगतो. आत पाहिलं तर काचेच्या पेट्या फारशा नाहीत. उघडे वॉर्मर आहेत. वरून ऊब देणारी दांडी, खाली छोटी गादी आणि गादीवर तळहातात मावेल एवढा जीव. सिस्टर हात धुतात, काटा शून्यावर आणतात, नाकातली नळी आणि पायाची तार सावरत बाळ उचलून काट्यावर ठेवतात. ‘बाराशे ऐंशी.’ काल बाराशे नव्वद होतं. त्या बाळ पुन्हा उचलतात, पुन्हा ठेवतात. काटा तोच आकडा दाखवतो.

हा मुलगा तिसाव्या आठवड्यात जन्मला, तेव्हा तो १२६० ग्रॅमचा होता. दोन आठवडे उलटून गेले. मधल्या काळात श्वासाचं यंत्र झालं, कावीळ झाली, जंतुसंसर्गाची इंजेक्शनं झाली. आता त्याला ऑक्सिजन लागत नाही, ताप नाही, सलाइन निघालं आहे. राउंडला आलेल्या डॉक्टर मॅडम कागद बघत म्हणाल्या, “हा वाचला. आता वाढत का नाही, ते बघायचं.”

या अंकासाठी संपादकांनी ‘वाढ’ हा विषय दिला, तेव्हा कुणी विकासदरावर लिहिणार, कुणी शहरांवर, कुणी भाववाढीवर, हे उघड होतं. मला या वाढीकडे जावंसं वाटलं, कारण ती रोज मोजली जाते आणि तरी बहुतेकांच्या हिशेबात नसते. २०२० साली जगात सुमारे १ कोटी ३४ लाख बाळं मुदतीआधी जन्मली आणि त्यांतली ३० लाख एकट्या भारतातली. मुदत भरूनही अडीच किलोच्या आत भरणारी बाळं आपल्याकडे वेगळीच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, ज्यांचं वजन नोंदलं गेलं अशा शंभर बाळांमागे साधारण १८ बाळं अडीच किलोच्या खालची होती. गेल्या दोन दशकांत अशा बाळांना जगवण्याची यंत्रणा जिल्ह्याजिल्ह्यात उभी राहिली. ती किती उपयोगी आहे, हे या कक्षात तासभर बसलं तरी कळतं. पण घरी सोडलेल्या बाळाची नोंद ‘यशस्वी’ या रकान्यात जाते आणि त्यानंतर त्याचं वजन नेमकं कुणी बघायचं, हे ठरलेलं असूनही ठरलेलं नसतं. जगवण्याचं खातं आहे. वाढवण्याचं खातं अनेकांत वाटलं गेलंय, म्हणजे खरं तर कुणाचंच नाही.

उचल घेऊन आलेलं बाळ

बाराशे ऐंशीची आई ऊसतोड कामगार. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाकडून उचल घेतली होती आणि सातव्या महिन्यापर्यंत ती फडात मोळ्या वाहत होती. “पोटात दुखाया लागलं तवा वाटलं, मोळी उचलल्यानं आसंल,” ती सांगते. गाडी गाठून गावाकडे येईपर्यंत पाणी गेलं होतं.

पोटातले शेवटचे तीन महिने हा बाळाच्या भरण्याचा काळ. अठ्ठाविसाव्या आठवड्यात बाळ किलोभराचं असतं, चाळिसाव्यात तीन किलोच्या आसपास पोचतं. बारा आठवड्यांत तिप्पट. याच काळात कातडीखाली चरबी धरते, हाडांत कॅल्शियम जातं, यकृतात लोह साठतं, मेंदूला वळ्या पडतात. तिसाव्या आठवड्यात बाहेर आलेल्या बाळाला हे सगळं बाहेर राहून करावं लागतं आणि त्यात त्याचे पहिले दिवस आजारपणात जातात. त्या दिवसांत शरीराला जे मिळायला हवं होतं आणि मिळालं नाही, ते मागे साचत जातं. हे बाळ त्याच्या आईबापांसारखंच अंगावर उचल घेऊन कामाला लागलेलं असतं. रोजची मजुरी नीट पडली, तरी आधी जुनी बाकी फिटते.

रोजची मजुरी किती, याचा आडाखा बालरोगतज्ज्ञांच्या तोंडपाठ असतो: दर किलोमागे दिवसाला निदान १५ ग्रॅम. म्हणजे या बाळाला दिवसाला साधारण वीस ग्रॅम. सुरुवातीचे काही दिवस वजन उतरणार, हे धरलेलंच असतं. अंगातलं जादा पाणी निघून जातं आणि मुदतीआधीच्या बाळाचं वजन दहा-पंधरा टक्क्यांपर्यंत घसरू शकतं. दहा ते चौदा दिवसांत ते जन्मवजनावर परत यावं आणि मग रोज चढावं. हा मुलगा जन्मवजनावर आला आणि तिथेच घुटमळतोय.

दोन मिलीपासून

बाळाच्या कागदांच्या गठ्ठ्यात एक तक्ता असतो: दर दोन तासांनी किती दूध दिलं, पोट फुगलं का, शी झाली का. मॅडमनी तो माझ्यासमोर उलगडला. पहिल्या दिवशी दुधाच्या रकान्यात काही नाही. दुसऱ्या दिवशी नळीतून दोन-दोन मिली. मग चार, मग सहा. आणि मध्येच आडवी रेघ: दूध बंद. पोट जरा फुगलेलं दिसलं होतं. दीड दिवसानं पुन्हा दोन मिलीपासून सुरुवात. आठवड्याभरात पुन्हा रेघ, कारण संसर्गाची शंका होती.

दूध थांबवण्यामागे भीती असते ती आतड्याच्या एका आजाराची. कच्च्या आतड्याला सूज येऊन त्याचा भाग सडतो आणि बाळ काही तासांत हातचं जातं. ज्यानं असं बाळ एकदा पाहिलंय, त्याचा हात दूध वाढवताना आखडतोच. “पण प्रत्येक फुगलेलं पोट म्हणजे तो आजार नसतो,” मॅडम म्हणाल्या. “रात्रीच्या ड्यूटीवरचा नवा डॉक्टर घाबरून बंद करतो. सकाळी मी सुरू करते. मधले बारा तास बाळ साखरपाण्यावर.”

साखरपाणी हा शब्द त्यांनी सहज वापरला, पण हिशेब त्यातच आहे. दहा टक्क्यांचं ग्लुकोज सलाइनमधून देत राहिलं, तर बाळाला किलोमागे जेमतेम तीस-पस्तीस कॅलरी मिळतात. त्याला वाढायला लागतात ११० ते १३० आणि शिवाय प्रथिनं, जी या सलाइनमध्ये नसतातच. मोठ्या शहरांतल्या कक्षांत शिरेतून प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थही देतात. जिल्ह्याच्या ठिकाणी ते क्वचित जमतं, कारण बाटल्या हव्यात, निर्जंतुक मिश्रण करणारं माणूस हवं, रक्ताच्या तपासण्या हव्यात. तपासण्यांचंही गणित आहे. एवढ्या बाळाच्या अंगात सगळं मिळून रक्त शंभर मिलीच्या आसपास. दर खेपेला एक-दोन मिली काढत गेलं तर महिन्याभरात बाळ फिकं पडतं. फिकं बाळ दूध ओढताना दमतं आणि दमलेलं बाळ वाढत नाही.

चोखण्याचंही तसंच. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं या तिन्हींचा मेळ साधारण चौतिसाव्या आठवड्याच्या सुमाराला बसतो. तोवर नळी, मग वाटी-चमचा किंवा बोंडलं. या कक्षात स्टीलची बोंडली उकळून ओळीनं मांडलेली असतात. सिस्टर बाळाला अर्धवट बसतं धरतात, बोंडल्याची चोच ओठाच्या कोपऱ्याला टेकवतात आणि थांबतात. ओतत नाहीत. बाळ जिभेनं थोडं ओढून घेतं, गिळतं, दम खातं. वीस मिली जायला वीस मिनिटं लागली. एका सिस्टरकडे सहा-सात बाळं, दर दोन तासांनी दूध. गणित कुणीही करून बघावं. म्हणूनच आई आत हवी. दार बंद ठेवून बाळ वाढवता येत नाही, हे मान्य व्हायला आपल्या रुग्णालयांना बराच वेळ लागला.

आईचं दूध, कुणाच्या तरी आईचं दूध

दूध काढायची खोली म्हणजे पडदा लावलेला एक कोपरा, चार प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर पोस्टर. बाया पदराआड वाटी धरून बसलेल्या. ओल्या बाळंतिणीनं अंगावर पाजायचं सोडून वाटीत दूध पिळायचं, हे बऱ्याच जणींना पहिल्यांदा अवघड जातं. बाराशे ऐंशीच्या आईचं दूध आटत चाललं होतं. सिस्टरनी तिला विचारलं, “ताई, रात्री किती वेळा काढलं?”

“झोप लागली वो सिस्टर. बाहेर डास लई.”

“दिवसातनं आठ वेळा काढायचं. रात्री दोनला पण. काढत गेलात तर येतं, सोडलं की आटतं.”

बोलणं बरोबरच. पण ही बाई व्हरांड्यात फरशीवर झोपते, रुग्णालयाचं वरण-भात खाते, नवरा फडावर परत गेलाय आणि सासूनं पहिल्या दिवशीच सांगितलंय, ‘आठव्यातलं वाचत न्हाई, सातव्यातलं वाचतं.’ हा समज उलटा आहे, आठव्या महिन्यातलं बाळ तगण्याची शक्यता जास्तच असते. पण या वेळी तो तिच्या पथ्यावर पडला, तिचं सातव्यातलं.

सिस्टरनी आणखी एक बारीक गोष्ट दाखवली. सुरुवातीला येणारं दूध पातळ असतं, शेवटचं दाट, त्यात स्निग्धांश जास्त. थोडंच दूध लागणार असेल तर पहिलं दूध वेगळ्या वाटीत काढायचं आणि मागचं बाळाला द्यायचं. काट्यावर चार-पाच ग्रॅमचा फरक यातूनही पडतो.

तरीही फार लहान बाळांना नुसतं आईचं दूध पुरत नाही. आईच्या दुधात शंभर मिलीत ६५ ते ७० कॅलरी आणि ग्रॅम-सव्वा ग्रॅम प्रथिनं. किलोमागे १८० मिली पाजलं तरी प्रथिनं दोन ग्रॅमच्या जरा पुढे जातात. गरज असते साडेतीन-चारची. मग दुधात पोषक भुकटीची पुडी मिसळावी लागते. ती कधी रुग्णालयाच्या साठ्यात असते, कधी चिठ्ठी लिहून बाहेरून आणायला सांगतात. एका बापानं मला दुकानाची पावती दाखवली आणि खिशात नीट घडी घालून ठेवली. पुडी अर्धी-अर्धी करून पुरवणारी घरंही मॅडमनी पाहिली आहेत.

दूध कुणाचं, या प्रश्नाचं एक उत्तर मुंबईनं फार आधी शोधलं. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मातृदुग्धपेढी सुरू केली. आशियातली ती पहिली. महापालिकेचं रुग्णालय, धारावीच्या शेजारचं, कायम भरलेलं. वरच्या दुधानं आणि बाटल्यांनी होणारे जंतुसंसर्ग थांबवायचे, तर बाटलीच बाहेर काढायची आणि आयांना आत घ्यायचं, असा तो सरळ विचार होता. दान आलेलं दूध साडेबासष्ट अंशांवर तीस मिनिटं तापवतात, गोठवून ठेवतात आणि तपासून देतात. त्यालाही मर्यादा आहेत. दान देणाऱ्या आया बहुधा पूर्ण दिवसांच्या बाळाच्या, त्यांच्या दुधात प्रथिनं कमी. तापवल्यानं काही गुणही जातात. मुदतीआधी बाळंत झालेल्या आईचं पहिल्या काही आठवड्यांचं दूध जास्त प्रथिनांचं असतं. म्हणून पेढीचं दूध हा पूल. पलीकडे तिचं स्वतःचंच दूध यायला हवं. या जिल्ह्यात पेढी नाही, त्यामुळे पूलही नाही.

छातीवर

दुपारी एक बाप आला. ऊसतोडीचाच, दुसऱ्या बाळाचा. अंघोळ करून, नखं कापून आलेला. सिस्टरनी त्याला आरामखुर्चीत टेकून बसवलं आणि शर्टाची बटणं काढायला लावली. तो इकडेतिकडे बघत लाजला. मग लंगोट-टोपी घातलेलं बाळ त्याच्या उघड्या छातीवर उभं ठेवलं, पाय बेडकासारखे दुमडून, मान एका बाजूला. वरून कापडी पट्टा. बापाचे हात कोयत्यानं घट्टे पडलेले. ते कुठे ठेवावेत त्याला कळेना. “धरा, मोडत नाही ते,” सिस्टर म्हणाल्या. पंधरा-वीस मिनिटांत बाळाच्या तळपायाची निळसर झाक गेली.

इथे ऊब म्हणजे माया वगैरे नंतर. आधी ती कॅलरी आहे. छोट्या अंगाचा पृष्ठभाग वजनाच्या मानानं मोठा, कातडी पातळ, चरबी नाही. असं बाळ गार पडलं की मिळालेलं दूध अंग तापवण्यात जाळतं आणि वाढीला उरत नाही. पोट गरम आणि तळपाय गार, म्हणजे ते जळायला लागलंय, अशी साधी खूण सिस्टर आयांना शिकवतात.

बोगोटामधल्या एका गर्दीच्या प्रसूतिगृहात १९७८ साली डॉ. एडगर रे सनाब्रिया यांनी ही पद्धत सुरू केली, ती इनक्युबेटर पुरत नव्हते म्हणून. गरिबांचा पर्याय म्हणून ती बराच काळ दुय्यम राहिली. बाळ स्थिर झाल्यावरच छातीवर द्यायचं, असा नियमही पडला. दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयासह घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया इथे जागतिक आरोग्य संघटनेनं केलेली चाचणी २०२१ साली प्रसिद्ध झाली. एक किलो ते १७९९ ग्रॅमची बाळं स्थिर होण्याची वाट न बघता, जन्मल्याबरोबर छातीवर दिली, तर पहिल्या महिन्यातले मृत्यू चौथाईनं कमी झाले. त्यानंतर आई आणि बाळ एकाच कक्षात ठेवायचं धोरण आलं. धोरण आलं म्हणजे खाटा आल्या असं नव्हे. इथे कक्षाच्या एका अंगाला आयांच्या मोजक्या खाटा आहेत आणि त्या मिळवण्यासाठी व्हरांड्यातल्या बायकांत नंबर लागतो.

कोणत्या रेषेशी ताडायचं?

वजन वाढत नाही, हे कशाशी ताडून ठरवायचं? कक्षात फेंटन यांचा आलेख वापरतात. मुदतीनुसार बाळं जन्मतात तेव्हा किती वजनाची असतात, यावरून तो केलाय. म्हणजे तिसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळानं, पोटात राहिलं असतं तर जसं वाढलं असतं, तसं बाहेर वाढावं, अशी ती अपेक्षा. ती पुरी करणारी बाळं फार कमी. घरी जायच्या वेळी बरीच बाळं आलेखाच्या तळाच्या रेषेखाली असतात आणि त्यांच्या कागदावर ‘वाढ खुंटली’ असा शेरा पडतो.

यावर बालरोगतज्ज्ञांत भांडण आहे आणि ते मला महत्त्वाचं वाटतं. नागपूर हे ज्याचं भारतातलं केंद्र होतं, त्या ‘इंटरग्रोथ-२१’ या आठ देशांतल्या अभ्यासानं दुसरी वाट धरली. निरोगी आयांची, मुदतीआधी जन्मलेली पण मोठी गुंतागुंत नसलेली बाळं बाहेर प्रत्यक्षात कशी वाढतात, हे मोजून वेगळे आलेख केले. त्या रेषा सुरुवातीला खाली असतात आणि नंतर चढतात. बाळांची संख्या थोडी होती, हा त्यांच्यावरचा रास्त आक्षेप. पण कोणती रेषा घेतली यावर एकच बाळ नापास होतं किंवा पास होतं, हे आईला कोण सांगणार?

मॅडमचं मत व्यवहारी होतं. “मी रेषा बघत नाही, चढ बघते. आठवड्याला डोक्याचा घेर अर्धा ते एक सेंटिमीटर वाढतोय का? लांबी सेंटिमीटरभर वाढतेय का? या दोन्ही वाढत असतील तर वजन थोडं मागे असलं तरी मला झोप लागते.” डोकं वाढतंय म्हणजे मेंदू वाढतोय. अमेरिकेत किलोच्या आतल्या बाळांच्या २००६ सालच्या एका अभ्यासात रुग्णालयातला वाढीचा वेग आणि दीड-दोन वर्षांच्या वयातला मेंदूचा विकास यांचा थेट संबंध दिसला होता. वेग जितका मंद, तितका चालण्या-बोलण्यातला अडथळा जास्त. त्यामुळे रेषेचं भांडण असलं, तरी ‘होईल मोठं हळूहळू’ हे उत्तर पुरत नाही.

आणि दुसऱ्या टोकाला पुणं आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आयाबाळांचा अभ्यास १९९३ साली सुरू केला. त्या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा जवळपास ८०० ग्रॅमनं कमी. पण स्नायू कमी असूनही चरबी त्या मानानं शाबूत. दिसायला बारीक, आतून चरबीचं, आणि पुढे मधुमेहाकडे झुकणारं शरीर. ही बाळं मुदतीआधीची नव्हती. तरी त्यातून घ्यायचा बोध इथेही लागू पडतो. साखर आणि डब्याचं दूध ओतून बाळ गुटगुटीत केलं, तर काट्याला आनंद होतो, बाळाला नंतर भोगावं लागतं. घाईनं चढवायचं वजन कोणतं आणि कोणतं नाही, हे ठरवायला नुसता काटा पुरत नाही.

शहाणं बाळ

सलग काही दिवस वजन चढलं, दूध नीट घेतलं, अंग गरम राहिलं की बाळ घरी सोडतात. खरी गळती तिथून पुढे.

फेरतपासणीच्या ओपीडीत एक आजी नात घेऊन आल्या होत्या. घरी जाताना १६१० ग्रॅम, तीन आठवड्यांनी १६४०. मॅडमनी विचारलं, “रडते का दुधासाठी?”

“न्हाई. लई शहाणी हाये. झोपून असती. रात्री तर उठतच न्हाई.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. जी आजीला बाळाची शहाणीव वाटली, ती खरी धोक्याची खूण. एवढं बाळ भुकेनं रडत नाही. रडायला शक्ती लागते. त्याला उठवून, पायाला टिचकी मारून, दर दोन तासांनी पाजावं लागतं, रात्रीसुद्धा. मग एकेक गोष्ट बाहेर आली. रोज गरम पाण्यानं लांबलचक अंघोळ, आधी उघड्यावर तेल-मालिश. पोट साफ राहावं म्हणून गुटी. उन्हाळा लागलाय म्हणून चमचाभर पाणी. लोहाचं आणि ड जीवनसत्त्वाचं औषध बाटलीतच, कारण ‘बारक्या जिवाला कशाला औषध.’ पाण्यानं भरलेल्या पोटात दूध कमी जातं, अंघोळीत गार पडलेलं अंग उरलेलं जाळतं. आजार कुठलाच नाही. तीन आठवड्यांत तीस ग्रॅम.

मॅडम आजींवर ओरडल्या नाहीत. “आजी, गोधडी बरोबर गुंडाळलीत. बोंडलं तुमच्या घरात होतं का?” आजी खुलल्या. होतं, पितळेचं. “तेच काढा, उकळून घ्या. गुटी बंद, पाणी बंद. अंघोळ थांबवा, पुसून घ्यायचं. आणि रात्री तुम्ही उठायचं, सुनेला उठवायचं.” ही जबाबदारी आजींनी डोक्याला पदर घेऊन स्वीकारली. आठवड्यानं १८१० भरलं. औषधाची बाटलीही आजींनीच पदराखालून काढून दाखवली, अर्धी संपलेली.

अंगणवाडीत वेगळाच घोळ होतो. तिथे वय जन्मतारखेवरून मोजतात. दोन महिने आधी जन्मलेलं बाळ चौथ्या महिन्यात खरं तर दोन महिन्यांच्या बाळाएवढंच असायला हवं. ॲपवर मात्र ते तीव्र कुपोषित दिसतं, सेविका घाबरते, ‘पावडरचं दूध सुरू करा’ असं कुणीतरी सुचवतं, आणि आईचं आहे ते दूधही सुटतं. लस मात्र जन्मतारखेनुसारच द्यायची. हे दोन हिशेब एकाच डोक्यात ठेवायला सेविकेला कुणी बसवून शिकवलंय का, हे मी विचारलं. तिनं हसून दुसऱ्या वहीचं काम सुरू केलं.

फडावर

घरी गेलेल्या बाळाकडे बघायचं काम आशाताईंचं. रुग्णालयातल्या बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जायचं, वजन घ्यायचं, ताप बघायचा, दूध पाजताना बघायचं. सगळ्या भेटी पुऱ्या झाल्या की २५० रुपये. या पद्धतीची मुळं गडचिरोलीत आहेत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’नं ३९ गावांत गावच्याच बायांना हे शिकवलं आणि नवजात मृत्यू तीन वर्षांत निम्म्याहून खाली आणले, ‘लॅन्सेट’नं ते १९९९ साली छापलं. २०११ पासून ते देशभरचं धोरण झालं. माझ्याबरोबर हिंडलेल्या आशाताईंच्या पिशवीत स्प्रिंगचा काटा आणि झोळी, थर्मामीटर, बॅटरी आणि वह्या होत्या. काट्यावर लाल, पिवळा, हिरवा पट्टा. वीस ग्रॅमचा फरक त्यावर दिसायचा नाही, आठवड्याचा दिसतो. तेवढ्यावर काम भागतं, भेट झाली तर.

पण दिवाळीनंतर या गावातली अर्धी घरं कुलपात असतात. कोयते कारखान्यांवर गेलेले. बाळ सव्वा-दीड महिन्याचं झालं की आईला परत फडावर जावं लागतं, उचल फिटलेली नसते. सातारा, सांगली, कोल्हापूर, कर्नाटक. पाचट आणि प्लास्टिकची कोपी, पहाटे चारला तोडणी, रात्री गाडी भरायची. बाळ उसाच्या सावलीत झोळीत. तिथली आशा म्हणते, हे माझ्या गावचं नाही. इथली आशा म्हणते, बाळ स्थलांतरित. बेचाळीस दिवसांच्या आत गाव सोडलं की वहीतल्या पुढच्या चौकटी कोऱ्या राहतात. रुग्णालयाच्या कार्डावरची फेरतपासणीची तारीखही तशीच निघून जाते. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी या बाळांना चौथ्या आठवड्याच्या सुमाराला लागते. ती चुकली तर नजर कायमची जाऊ शकते. तिचाही दिवस हाच.

आशाताईंनी यावर स्वतःपुरता तोडगा काढलाय. निघताना त्या तीन गोष्टी लिहून घेतात: कारखाना कोणता, मुकादम कोण, फोन कुणाचा. वहीत यासाठी रकाना नाही, म्हणून समासात. मग आठवड्याला फोन. बाराशे ऐंशीचं ते बाळ नंतर वाढायला लागलं. दूध थांबवणं थांबलं, आईला खाट मिळाली आणि पुडीही आली. १७०० वर घरी गेलं आणि महिन्याभरात फडावर. मी बसलो होतो तेव्हाच तिकडून फोन आला. आशाताईंनी स्पीकर लावला. मागे ट्रॅक्टरचा आवाज.

“ताई, दोन किलो तीनशे भरलं,” आई ओरडून सांगत होती.

“काटा कुणाचा गं?”

“किराणावाल्याचा. टोपलीत ठिवलं त्याला.”

“टोपलीसकट दोन-तीनशे?” आशाताईंनी समासात लिहायला उचललेलं पेन थांबवलं. “मग आधी रिकामी टोपली ठेवायला सांग त्याला. ती किती भरते ते बघ, अंगावरचे कपडे उतरव, मग बाळ ठेव. मी थांबते फोनवर. आणि रात्री किती वेळा पाजलंस, ते सांग तोवर.”